जुन्या इमारतीत उष्णता मोजताना: काय करावे, काय टाळावे

नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूरमधल्या जुन्या स्लॅबच्या इमारतींसाठी. गच्चीवर लेप, कोबा किंवा पत्रा घालण्याआधी ही यादी सोसायटीच्या फलकावर लावा.

काय करावे

- पहिले माप होळी झाल्यावर घ्या आणि मुख्य माप मे महिन्यात. काम झाल्यानंतरच्या मेमध्ये तेच माप पुन्हा घ्या.
- वरच्या मजल्यापासून सुरुवात करा. मेअखेर दुपारी सूर्य नंदुरबारच्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि सगळा मार गच्ची खाते.
- तुलनेसाठी त्याच बाजूचे मधल्या मजल्यावरचे एक घर घ्या. दोन घरांतल्या फरकावरून गच्चीचा वाटा कळतो.
- सलग तीन निरभ्र दिवस निवडा. मध्येच वळवाचा पाऊस झाला तर मोजणी नव्याने सुरू करा.
- दिवसातून चार वेळा मोजा: सकाळी ६, दुपारी ३, संध्याकाळी ७ आणि रात्री ११.
- रात्री ११ चा आकडा लाल शाईने लिहा. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हाही घरात उष्णता सोडत असतो आणि लोकांची झोप मोडते ती याच वेळी.
- सगळे तापमापक आधी अर्धा तास एकाच टेबलावर ठेवा आणि त्यांच्यातला फरक वहीत टिपा.
- हवेचे तापमान खोलीच्या मधोमध, जमिनीपासून चार फुटांवर घ्या; फ्रिज, चूल आणि भिंत यांपासून तापमापक लांब ठेवा.
- छत, पश्चिमेची भिंत आणि खिडकीची काच यांचे तापमान इन्फ्रारेड गनने वेगवेगळे नोंदवा.
- गनवरचे अंतराचे प्रमाण वाचा. १२:१ असेल तर १२ फुटांवरून ती एक फूट रुंदीच्या वर्तुळाची सरासरी दाखवते.
- पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि पाच मिनिटांनी टेपवरच माप घ्या. चमकता पत्रा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो.
- छतातून येणाऱ्या उष्णतेचा अंदाज असा काढा: छताच्या खालच्या बाजूच्या तापमानातून खोलीतल्या हवेचे तापमान वजा करा, त्याला ६ ने गुणा, मग छताच्या चौरस मीटरने गुणा, उत्तर वॅटमध्ये येते. छत ४२ अंश, हवा ३६ अंश आणि घर ५० चौरस मीटर असेल तर १,८०० वॅट, म्हणजे एक टनी एसीची निम्मी ताकद नुसत्या छतापायी जाते.
- महावितरणची वर्षभराची बिले काढा. जानेवारी आणि मे यांच्या युनिटांतला फरक घरागणिक लिहा.
- माप घेताना पंखा, कूलर, एसी चालू होता की बंद, खिडकी उघडी होती की मिटलेली, हे दर आकड्यासमोर नोंदवा.
- गच्चीचा नकाशा काढा. टाकीखालचा भाग, ओलीचे डाग आणि पत्र्याची शेड त्यात वेगळी दाखवा.
- जवळपास जुने धाब्याचे घर उभे असेल तर तेही मोजा. जाड मातीचे छत भर दुपारी किती थोपवते हे कमिटीने आकड्यांत पाहिलेच पाहिजे.
- पैसे मोजण्याआधी गच्चीचा १० बाय १० फुटांचा तुकडा चुन्याने पांढरा करा आणि त्याखालचे छत शेजारच्या कोऱ्या भागाशी ताडून पाहा.
- ठेकेदाराकडे लेपाचा परावर्तनांक, म्हणजे एसआरआय, लेखी मागा.
- छताचे गणित इंजिनिअरकडून करून घ्या; ईको निवास संहिता २०१८ नुसार छतातून जाणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट आहे, उघडा स्लॅब तिच्या दुपटीच्या पुढे जातो.
- स्ट्रक्चरल ऑडिट आधी उरका. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ते दर ५ वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीला दर ३ वर्षांनी लागते.
- तोरणमाळ, धडगावकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे मोजा. तिथे थंडीत घराची ऊब बाहेर जाते, दारा-खिडक्यांच्या फटी उदबत्तीच्या धुराने शोधा.

काय टाळावे

- कोविडच्या काळात घेतलेली कपाळाची गन वापरू नका; ती अंगाच्या तापापुरतीच असते.
- मोबाइलवर दिसणारे शहराचे तापमान किंवा एसीवरचा आकडा घराचे माप म्हणून लिहू नका.
- गच्चीवर पाणी मारले त्या दिवशी, किंवा टाकी भरून वाहिली असेल तर मोजू नका. ओला स्लॅब गार भासतो.
- मिरची, पापड, कुरडया वाळत घातलेल्या जागेखाली माप घेऊ नका. आधी गच्ची मोकळी करून घ्या.
- एका दुपारच्या आकड्यावर सभेत ठराव करू नका.
- दक्षिणेच्या भिंतीवर आधी खर्च करू नका. मेमध्ये तिच्यावर ऊन जवळपास नसतेच, तापते ती पश्चिमेची.
- गळतीसाठी घातलेला काळा डांबरी थर उघडा ठेवू नका. गळती थांबते, पण खालचे घर भाजून निघते.
- गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडच्या चारही बाजू बंद करू नका. गरम हवा निघायला वाट हवी.
- इंजिनिअरला विचारल्याशिवाय नवा कोबा घालू नका; चार इंची कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो पडते.
- ओल असलेल्या स्लॅबवर लेप देऊ नका. एका पावसाळ्यात पोपडे सुटतात.
- पांढरा लेप धुळीत मळू देऊ नका. दर होळीला गच्ची धुऊन काढा.
- भाडेकरूचे घर वगळू नका. मालक दुसरीकडे राहत असला तरी छत तेच आहे.
- दुपारी १२ ते ४ कुणालाही एकट्याने गच्चीवर पाठवू नका, मुलांना तर नाहीच. चक्कर, उलटी किंवा बरळणे दिसले की सावलीत आणा, अंग ओले करा आणि १०८ ला फोन लावा.
- तान्हे बाळ, गरोदर बाई किंवा अंथरुणावरचे म्हातारे माणूस असलेले घर यादीत मागे टाकू नका. पहिले माप तिथले घ्या आणि कामही तिथूनच सुरू करा.