गोठा शाकारायचा तर

पोरा, मे महिन्यात सुटी काढून येतोस आणि गोठ्याचं छप्पर नवं करतोस म्हणालास, ऐकून बरं वाटलं. पण महाडला सामान बघायला जाण्याआधी एक सांग, गेल्या आषाढात गोठा नेमका कुठे गळत होता? नाही आठवणार. चैत्रात कुणालाच आठवत नाही. म्हणून माझे आजोबा भर पावसात गेरूचा खडा घेऊन गोठ्यात उभे राहायचे आणि पाणी जिथून उतरतं त्या वाशावर खूण करायचे. थेंब पडतो त्याच्या बरोब्बर वर भोक नसतं रे. पाणी कौलाखालून शिरतं, रिपेवर येतं, वाशाला धरून दोन-दोन हात खाली सरकतं आणि मग टपकतं. आढ्याजवळच्या दोन वाशांवर आजोबांच्या खुणा अजून आहेत. त्या पुसू नकोस.

तेव्हा शिडी लावायच्या आधी खालून बघ. भर दुपारी आत जा, दार लावून घे. जिथे उजेडाचे कवडसे दिसतील ती फुटकी कौलं. मग टोकदार सळई घेऊन प्रत्येक वासा टोचत जा. वळचणीकडची टोकं सगळ्यात आधी कुजतात, पागोळीचं पाणी तिथेच मागे वळतं. टोक मऊ लागलं तरी अख्खा वासा फेकू नकोस. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत काप आणि बाजूने ऐनाचा किंवा किंजळाचा लांब तुकडा दोन बोल्टांनी जोड. बांबू घालणार असशील तर कोवळा नको, तीन वर्षांचा घे, पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि पाण्यात मुरवलेला. नाहीतर भुंगा वर्षाच्या आत पीठ पाडतो. लाकडाला जळकं ऑइल फासायची पद्धत आहे, पण खांबांना ते लावू नकोस, गुरं चाटतात. वर वाशांना काजूच्या टरफलांचं तेल चालेल, मात्र हाताला फडकं गुंडाळ, कातडी सोलवटते.

कौलं काढताना आढ्याकडून खाली ये आणि घालताना वळचणीकडून वर जा. एकच पाखं पूर्ण मोकळं करायचं नाही. दुसऱ्या बाजूचं ओझं जुन्या खांबांना ढकलतं आणि सगळा सांगाडा कलतो. दोन्हीकडून चार-चार ओळी काढत जायचं. उतरवलेलं कौल काथ्याने घासून शेवाळ काढ, उन्हात वाळव आणि बोटाच्या पेराने वाजव. खणखणलं तर ठेव, बद्द वाजलं तर त्याला केस गेलेला असतो.

नव्या-जुन्याची सरमिसळ मात्र कधी करू नकोस. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, पुढे अनेकांनी काढले, आणि प्रत्येकाचा साचा सूतभर वेगळा. एकाची खाच दुसऱ्याच्या कडेला बसत नाही, आणि त्या सूतभर फटीतून पाऊस आत येतो. कौलाच्या पाठीवरचा छाप बघून घे. जुळणारी मिळाली नाहीत तर जुनी सगळी पूर्वेच्या पाख्यावर आणि नवी सगळी पश्चिमेच्या. झड पश्चिमेकडूनच येते.

तुझी आई पत्रे घाला म्हणते, तिचंही चूक नाही. वानरांनी कौलांचा जीव नकोसा केलाय. पण पत्रे घातलेस तरी उतार कमी करू देऊ नकोस. दोन पत्रे वाचतात म्हणून छप्पर सपाट करतात, आणि आपल्या पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मार, खोलगटात मारलास तर तिथेच पाणी शिरतं. लावायला वाऱ्याच्या उलट टोकाकडून सुरुवात कर, म्हणजे पुढच्या प्रत्येक पत्र्याची कड मागच्यावर चढते आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्यावर पाय देऊ नकोस, आडवी फळी टाक. तो फोडूही नकोस, त्याची धूळ फुप्फुसात बसते.

काम रोहिणी लागायच्या आत आटप. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आपलं एक पाखं अर्धवट होतं, मृगाला अजून चार दिवस आहेत या भरवशावर. माझीच चूक. वारा वळचणीखालून आत शिरला आणि छप्पर खालून उचललं. आदल्याच वर्षी घातलेले पडवीचे पत्रे वाशांसकट नदीपलीकडच्या शेतात सापडले. तेव्हापासून मी शेवटचे दोन वासे तारेने खांबाला आवळतो. तूही आवळ. आणि फणसाची ती फांदी तोडून टाक, वानरं तिच्यावरूनच उतरतात.

उरलेली पंचवीसेक कौलं मागे उभी रचून ठेव. श्रावणात एखादं बदलायला काढशील तेव्हा आधी काठीने हलव. त्या ढिगात विंचू असतो.