आधी तपासणी, मग औषध

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की सारे सुनेकडे बोट दाखवतात. तिला नवस, उपास, गंडेदोरे करायला लावतात. पण मंडळी, मूल न होण्याचे कारण नवऱ्यातही असू शकते. पुष्कळदा असते. तो मात्र गुपचूप बाजारात जातो आणि ‘ताकदीची पुडी’ घेऊन येतो.

पुडीवाला अश्वगंधा, सफेद मुसळी, गोखरू, शिलाजित अशी नावे सांगतो. ही औषधे जुनीच आहेत. अश्वगंधेवर काही प्रयोग झाले. त्यांत काही पुरुषांच्या वीर्यातले शुक्रजंतू वाढले. पण प्रयोग लहान होते. त्यावरून खात्री देता येत नाही. उलट अश्वगंधा घेऊन काहींच्या यकृताला इजा झाली, कावीळ झाली. झाडपाला आहे, अपाय कसला, असे म्हणू नये.

काही पुड्यांत सिल्डेनाफिल हे डॉक्टरी औषध चोरून मिसळलेले सापडले आहे. हृदयविकारावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब एकदम उतरतो. जीवही जाऊ शकतो.

कोणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवतो. हा पुरुषाच्या शरीरातलाच रस आहे. पण तो बाहेरून घेतला, की शुक्रजंतू कमी होतात. मूल हवे असणाऱ्याने ते इंजेक्शन घेऊ नये.

मग करावे काय? वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर नवराबायकोने मिळून डॉक्टरकडे जावे. बायकोचे वय ३५ च्या वर असेल, तर सहा महिनेच थांबावे. नवऱ्याने वीर्य तपासून घ्यावे. त्यात दुखत नाही, खुपत नाही. कधी अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या निघतात. त्यावर इलाज आहे. विडी, तंबाखू, दारू सोडावी.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा ‘आठ दिवसांत गुण’ म्हणणारा थापा मारतो, हे ओळखावे. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ साली झाला आहे.

पुडीत पैसे जातात, वर्षेही जातात. पैसे पुन्हा मिळतील. वय मिळत नाही.

प्रश्न
१. मूल झाले नाही, तर तपासणी कोणी करावी?
२. ‘आठ दिवसांत गुण’ ही थाप का?
३. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाने काय होते?