बार्शी लाइटचे इंजिन पुन्हा घडवू पाहणाऱ्या मुलांसाठी

आपला मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकावर आगगाडीचे इंजिन करीत बसते, याचे पुढे काय व्हायचे, अशी पृच्छा करणारे पालक औशात आणि लातुरात आता भेटू लागले आहेत. ज्या लातूरच्या शिकवण्यांची कीर्ती साऱ्या महाराष्ट्रात पसरली आणि ज्या जिल्ह्यात हुशार मुलाने डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावे हा जणू अलिखित कायदाच होऊन बसला, तेथे ही चिंता स्वाभाविक आहे. आणि ‘छंद आहे, करू द्या’ एवढ्यावर तिची बोळवण करणे मार्गदर्शकाच्या कर्तव्यास शोभणारे नाही. म्हणून हे काम वस्तुतः आहे तरी काय, याचा तपशील आधी पाहू.

आगगाडी चालविण्याचा हुबेहूब प्रत्यय देणारे संगणकीय खेळ, म्हणजे सिम्युलेटर, पुष्कळ आहेत. ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ आणि ‘ट्रेन्झ’ हे दोन्ही २००१ साली बाजारात आले, आणि पहिल्याच्याच परंपरेतील ‘ओपन रेल्स’ आज विनामूल्य मिळतो. या खेळांत बाहेरच्या माणसालाही स्वतः घडविलेले इंजिन, डबे किंवा स्थानक घालता येते. त्या भरीला ‘ॲड-ऑन’ म्हणतात. स्टीफन्सन पितापुत्रांच्या १८२९ मधील ‘रॉकेट’पासूनची जुनी ब्रिटिश इंजिने अशा रीतीने पुन्हा रुळांवर आणण्याचा हव्यास जगभर अनेकांना आहे. तेव्हा खेळ खेळणारे मूल आणि खेळासाठी यंत्र घडविणारे मूल, यांत पालकांनी प्रथम भेद करावा. कारण दुसऱ्याचा वेळ जातो तो अभ्यासातच, मग त्या अभ्यासाचे पुस्तक शाळेच्या दप्तरात नसले तरी.

या विषयाचे धागेदोरे आपल्या मुलखाशीही जुळलेले आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने लँकेशायरमधील व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली होती. परंतु औशाच्या विद्यार्थ्याने तेवढे दूर जाण्याचे कारण नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, रुंदीचा ‘बार्शी लाइट’ लोहमार्ग १८९७ साली सुरू केला; तो १९०६ मध्ये पंढरपुरास आणि १९११ मध्ये निजामाच्या राज्यातून लातुरास पोहोचला. कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू नये, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल आणि यात्रेकरू नेता येतील, हे कॅलथ्रॉपचे सूत्र होते. आणि त्यासाठी लीड्स येथील किटसन कारखान्याने आठ जोडचाके व मागे चार चाकांची बोगी असलेली इंजिने घडविली. पुढे १९०४ साली खुद्द इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायर परगण्यात, लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा त्याच रुंदीचा मार्ग झाला, तोही कॅलथ्रॉपच्याच देखरेखीखाली, बार्शीचा अनुभव गाठीस धरून. विलायतेने बार्शीपासून धडा घ्यावा, ही हकीकत आपल्या शाळांतून सांगितली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ‘ब्लेंडर’ या विनामूल्य साधनात इंजिनाचा आकार उभा करावयाचा, तर आधी जुना आराखडा वाचता आला पाहिजे. फूट-इंचांचे मिलिमीटर करता आले पाहिजेत. आराखडा नसेल तेथे छायाचित्रावरून, ज्ञात असलेल्या रुळांच्या रुंदीशी प्रमाण लावून, मापांची रुजवात घालता आली पाहिजे. दोन्ही बाजूंचे दांडे एकाच अंशावर ठेवण्याचा मोह नवशिक्यास होतो. खऱ्या इंजिनात ते परस्परांशी काटकोनात असतात, कारण एक दट्ट्या टोकाला अडला तरी दुसऱ्याने चाक फिरवावे लागते. मग आवाज. दोन सिलिंडरांच्या इंजिनात वाफ प्रत्येक दट्ट्यास दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार फुसकारे निघतात. चाकाचा व्यास एक मीटर धरला, तर एका फेऱ्यास इंजिन ३.१४ मीटर पुढे सरकते. ताशी १८ किलोमीटर वेगास, म्हणजे सेकंदाला ५ मीटरांस, सुमारे १.६ फेरे आणि साधारण सहा फुसकारे येतात. हा हिशेब चुकला, तर डोळ्यांना निर्दोष वाटणारे इंजिन कानांना खोटे ठरते. शिवाय बाष्पकाचा दाब, सिलिंडरचा व्यास, दट्ट्याची धाव, शेगडीचे क्षेत्रफळ हे आकडे खेळाच्या फाइलीत भरावे लागतात, आणि सिलिंडरचा व्यास दुप्पट लिहिला की ओढण्याचा जोर चौपट होतो, हे ज्या मुलास स्वतःच्या चुकीतून उमजले, त्याला वर्ग आणि व्यासाचे नाते पुन्हा शिकवावे लागत नाही.

अर्थार्जनाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. जुनी वाफेची इंजिने घडविणे हा स्वतंत्र उदरनिर्वाहाचा धंदा म्हणून धरून चालू नये. अशी पुष्कळशी कामे हौसेने केली जातात आणि फुकट वाटली जातात, व विक्रीस ठेवणारे थोडे. पण या कामात जो हुन्नर हाती येतो, त्याला गिऱ्हाईक आहे: खेळ व ॲनिमेशन करणाऱ्या कंपन्यांत, यंत्रांच्या त्रिमितीय आराखड्यांत, संग्रहालयांच्या प्रदर्शनांत, आणि चालकांना शिकविण्यासाठी रेल्वे वापरते त्या सिम्युलेटरांच्या निर्मितीतही. त्यासाठी रीतसर शिक्षणाची जोड हवीच. दहावीनंतर लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेता येते. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, यूसीड परीक्षा देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी डिझाइनच्या पदवीचा मार्ग मोकळा आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय हेही पर्याय आहेत. प्रवेशाच्या मुलाखतीत, किंवा पुढे नोकरीसाठी, अर्धवट सोडलेल्या दहा इंजिनांपेक्षा मापांच्या नोंदींसह तडीस नेलेले एकच इंजिन अधिक वजनदार ठरते.

मुलांना एक ताकीद: दुसऱ्याने घडविलेला सांगाडा उचलून, रंग बदलून स्वतःच्या नावावर खपवू नका. तो कायद्याने गुन्हा तर आहेच, पण शिकण्याचा सारा लाभ त्यातून जातो. आणि पालकांना विनंती अशी की, झोपेची व अभ्यासाची वेळ ठरवून द्या, परंतु काम बंद पाडू नका. पुढच्या परीक्षेपर्यंत एक इंजिन पुरे करण्याची मुदत घाला आणि ते पुरे झाले की शेजारी बसून ते पाहा.

बार्शी लाइट १९५४ साली सरकारजमा झाली आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्या जागी ब्रॉडगेज आली. औसा रोड स्थानकावरून आज मोठी गाडी जाते, पण त्या छोट्या गाडीतून प्रवास केलेली, तिच्या शिट्टीचा सूर आणि डब्यांचा रंग सांगू शकणारी वडीलधारी माणसे लातूर, बार्शी, कुर्डुवाडीत अद्याप आहेत. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांच्या घरची जुनी छायाचित्रे मागून पाहा, आणि ऐकलेले सारे वहीत तारीखवार उतरवून घ्या. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका.