रुपेरी पडदा आणि आपला पेहराव

गेल्या स्नेहसंमेलनाच्या सुमारास एक पालक मजकडे आले. "सर, मुलगा संमेलनास येणार नाही म्हणतो. चित्रपटातील एका नटासारखे जाकीट त्याला हवे आहे आणि ते घेऊन देण्याची माझी ऐपत नाही," असे ते खाली मान घालून म्हणाले. मुलाचा मला राग आला नाही. परंतु पडद्यावरील एका कपड्यापायी बापाची मान खाली जावी, ही गोष्ट मनास लागून राहिली. म्हणून आज या विषयाचा थोडा विचार करू.

थोरामोठ्यांसारखे दिसावे, ही हौस मनुष्यमात्रास पूर्वीपासून आहे. चित्रपटाने तिला विलक्षण बळ दिले. काळोखात बसलेल्या प्रेक्षकास नटनटींचे मुख अनेक पटींनी मोठे दिसते, गोड गाण्याच्या साथीने ते मनात ठसते. पुढे तेच चित्र मासिकांत, दुकानांच्या काचेत आणि अखेर शिंप्याच्या हाती येते. आता तर ते दिवसभर फोनवरही दिसत असते.

परंतु पडद्यावरील वेषामागे बहुधा काही कारण असते आणि अनुकरण करणाऱ्यास ते ठाऊक नसते. १९६० साली 'लव्ह इन शिमला' हा चित्रपट आला. त्यातील नायिका साधना हिचे कपाळ रुंद होते. ते झाकावे म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न हिच्यासारखी कपाळावर केसांची झालर ठेवण्याची युक्ती काढली. एका मुलीची अडचण दूर करण्याचा तो उपाय. पण 'साधना कट' या नावाने देशभर असंख्य मुलींनी तो उचलला. ज्यांचे कपाळ मुळीच रुंद नव्हते, त्यांनीसुद्धा!

कधी कधी अनुकरण जिवावरही बेतते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी अमेरिकेत व्हेरोनिका लेक या नटीचे एका डोळ्यावर रुळणारे लांब केस फार लोकप्रिय झाले होते. त्याच वेळी हजारो स्त्रिया युद्धसाहित्याच्या कारखान्यांत काम करीत होत्या. मोकळे केस यंत्रात अडकण्याचा धोका होता. तेव्हा सरकारच्या विनंतीवरून त्या नटीने आपली केशरचना बदलली. जिच्यामुळे मोह पडला, तिच्याच हातून तो आवरावा लागला.

याचा अर्थ पडद्यापासून शिकण्यासारखे काहीच नाही, असा नव्हे. आपल्या कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया यांचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या या बाईंनी अनेक हिंदी चित्रपटांचे पोषाख केले. 'वक्त' (१९६५) चित्रपटातील साधनाचा तंग चुडीदार-कुर्ता आणि 'ब्रह्मचारी' (१९६८) मधील मुमताजची नारिंगी साडी यांचे अनुकरण घरोघरी झाले. पुढे 'गांधी' या चित्रपटासाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. त्या चित्रपटात बॅरिस्टरच्या विलायती पोषाखापासून गुडघ्यापर्यंतच्या पंचापर्यंतचा प्रवास दिसतो. तो पंचा महात्माजींनी १९२१ साली मदुराई येथे स्वीकारला, तो कोणा नटाकडे पाहून नव्हे, तर देशातील गरिबांच्या अंगावर पुरेसे वस्त्र नाही हे पाहून. वेष बदलला, कारण आधी मन बदलले होते.

विद्यार्थिमित्रहो, सुंदर वस्त्राची आवड असणे हा काही अपराध नाही. मात्र पुढल्या वेळी पडद्यावरचा वेष डोळ्यांत भरला, तर मनाशी तीन प्रश्न विचारा: हा वेष त्या पात्रास का दिला असावा? तो माझ्या अंगास, कामास आणि हवेस मानवेल काय? आणि त्याची किंमत घरात कोण, काय सोसून देणार आहे? पालकांनीही केवळ 'नाही' म्हणून न थांबता हे प्रश्न मुलांबरोबर बसून सोडवावेत.

तो मुलगा अखेर संमेलनास आला. इस्त्री केलेला साधा पांढरा सदरा घालून त्याने कविता म्हटली. टाळ्या पुष्कळ पडल्या. जाकिटाची आठवण कोणासही झाली नाही. मागच्या रांगेत बसलेल्या त्याच्या वडिलांची मान मात्र त्या दिवशी ताठ होती.