ताटातल्या भाताचे माप



आपल्या आजी-आजोबांच्या काळात पोटभर भात मिळणे हीच मोठी गोष्ट होती. कण्या, शिळे तुकडे आणि उपाशी झोपणे हे ज्यांनी सोसले, त्यांनी मुलांना एकच शिकवले : ताटात भात भरपूर असावा. ती माया खोटी नव्हती. पण आज बोईसर, तारापूर, पालघरच्या वस्त्यांमध्ये भाताच्या पातेल्याशेजारी फळीवर साखरेच्या गोळ्यांचे पाकीटही दिसू लागले आहे. म्हणून या अंकात आपण भात, मैदा आणि साखर यांच्या मापाबद्दल बोलू. भात सोडा, असे सांगण्याचा हेतू नाही. भात मोजा आणि त्याच्या शेजारी दुसरे काहीतरी वाढा, एवढेच सांगायचे आहे.

हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यात बंगल्यात राहणारे आहेत, तसे झोपडीत राहणारेही आहेत.

"मी तर सडपातळ, मला कशी साखर होईल?" असे पुष्कळजण विचारतात. याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली बाळे लहानखुरी असूनही त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त आढळली. आईच्या पोटात असताना ज्याला अन्न कमी पडते, त्याचे शरीर काटकसरीने घडते. पुढे त्याच शरीराला रोज भरपूर भात, साखर आणि मैदा मिळाला की साखर हाताळताना त्याची दमछाक होते.

म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची उपासमार आपल्या शरीरात हिशेब ठेवून बसलेली असू शकते. यात लाजण्यासारखे काही नाही, पण सावध राहण्यासारखे खूप आहे. म्हणून नुसते वजन पाहू नका, कंबर मोजा. बेंबीच्या पातळीवर टेप धरा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर अंगाने बारीक दिसत असलात तरी तपासणी करून घ्या.

पांढरे अन्न अंगात काय करते?

भात, चपाती, भाकरी, पोहे, पाव, साबुदाणा, बटाटा हे सगळे पिष्टमय पदार्थ. पोटात गेल्यावर त्यांची साखर होऊन ती रक्तात उतरते. धान्यावर कोंडा आणि अंकुर असेल तर हे काम सावकाश होते. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत पॉलिश केला किंवा गव्हाचा मैदा केला, की कोंड्याचा अडसर जातो आणि साखर झपाट्याने चढते. ती उतरवण्यासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते. कामाला न लागलेली साखर चरबी होऊन पोटावर आणि यकृतात साठते. वर्षानुवर्षे असेच चालले की इन्सुलिन अपुरे पडते आणि साखर रक्तातच राहते.

थोडा हिशेब करू. एक मध्यम वाटी शिजलेला भात म्हणजे सुमारे ४० ग्रॅम पिष्टमय पदार्थ. दोन वेळा तीन-तीन वाट्या भात खाल्ला तर ते २४० ग्रॅम होतात. नुसत्या भातातून हजाराच्या आसपास कॅलरी झाल्या. त्यावर सकाळचे पोहे, चहाबरोबर खारी-बटर आणि संध्याकाळचा वडापाव. वडापाव म्हणजे मैद्याच्या पावात बटाटा, पिठात पिष्टच.

आता चहा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. दिवसाला पाच कप झाले तर ५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला एका माणसामागे दीड किलो साखर नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणे उत्तम. त्या मापाने चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलोपेक्षा जास्त साखर येऊ नये. तुमच्या घरी किती येते ते या महिन्याच्या किराणा यादीत पाहा. गूळ आणि मध यांनाही हाच नियम लागू आहे.

राजा पसेनदीची गोष्ट

अन्नाच्या मापाची एक सुंदर गोष्ट संयुत्त निकायातल्या दोणपाक सुत्तात आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी एका वेळी दोणभर भात खात असे. दोण हे धान्याचे मोठे माप. एकदा तो असाच जेवून, धापा टाकत, श्रावस्तीला भगवान बुद्धांकडे आला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी एक गाथा सांगितली. तिचा आशय असा : जो सजग राहून जेवतो आणि अन्नाची मात्रा जाणतो, त्याचे त्रास कमी होतात आणि म्हातारपण सावकाश येते.

राजाने काय केले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्याचे काम दिले. त्यासाठी रोजचे मानधनही ठरवले. पुढे राजाचा भात हळूहळू कमी होत एका नाळीवर, म्हणजे लहान मापावर आला. अंग हलके झाले. तेव्हा स्वतःच्या अंगावरून हात फिरवत राजाने भगवंतांची अनुकंपा आठवली.

भगवंतांनी राजाला उपास सांगितला नाही, भात सोडायलाही सांगितले नाही. राजाने माप हळूहळू उतरवले आणि आठवण करून द्यायला एक माणूस ठेवला. आपल्यालाही हेच जमण्यासारखे आहे. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला सुदस्सन करा. दुसरी वाटी घेताना त्याने नुसते "आजोबा, माप" म्हटले तरी पुरे.

खिशाला झेपेल असा बदल

डॉक्टर "भात कमी करा" सांगतात, पण त्या जागी काय खायचे, ही खरी अडचण आहे. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते. पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो धान्य येते, पण त्याबरोबर भाजी, अंडी, मासे येत नाहीत. धान्य फुकट आणि बाकी सारे विकत, मग भातच वाढत जातो. म्हणून बदल असा करा की जो पैसा साखर, खारी, बिस्किटे आणि वडापाव यांवर जातो, तोच डाळ, अंडी आणि भाजीकडे वळेल. एका वडापावच्या पैशांत साधारण दोन अंडी येतात.

१. पहिला आठवडा, चहा : दोन चमच्यांचा दीड, मग एक करा. महिनाभरात जिभेला सवय होते. चहाबरोबर खारी-बटरऐवजी मूठभर फुटाणे घ्या.

२. दुसरा आठवडा, भात : आधी चार दिवस नुसते मोजा, नेहमीचा भात किती वाट्या होतो ते पाहा. मग दर आठवड्याला अर्धी वाटी कमी करत एका वेळी एक ते दीड वाटीवर या. तांदळाची भाकरी म्हणजेही भातच. भाकरी खाल्ली तर भात नको, भात घेतला तर भाकरी नको.

३. तिसरा आठवडा, डाळ : पातळ आमटीत डाळ मूठभर आणि पाणी तांब्याभर असते. आमटी घट्ट करा. खिचडीत चार वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घालत असाल, तर दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घाला. वाल, चवळी, मटकी, हरभरा आलटून पालटून करा. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आहेत आणि त्यांत प्रथिने भरपूर आहेत.

४. चौथा आठवडा, भाजी आणि मासे : ताटाचा अर्धा भाग भाजीने भरा. बटाटा भाजीत धरू नका. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळे अशा रानभाज्या बाजारात येतात, त्या सोडू नका. मांदेली, ओले बोंबील, करंदी हे आपल्या किनाऱ्याचे स्वस्त मासे आहेत. ते रश्श्यात करा, तळू नका. सुके बोंबील आणि सुकट यांत मीठ फार असते, रक्तदाब असलेल्यांनी ते बेताने खावे.

जेवताना आधी भाजी, डाळ, मासे आणि शेवटी भात, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवून लगेच आडवे होण्याऐवजी पंधरा मिनिटे चाला. नाचणीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच. डहाणू-घोलवडचा चिकू आपल्या जिल्ह्याची शान आहे, तरी साखर असलेल्यांनी एका वेळी अर्धाच खावा आणि त्याचा मिल्कशेक टाळावा.

एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. रात्री उशिरा खाल्लेले अन्न शरीर दिवसाइतके नीट पचवत नाही. रात्रपाळीला मुख्य जेवण घरूनच करून निघा. डब्यात दोन चपात्या, उसळ किंवा उकडलेली अंडी आणि काकडी न्या. जागे राहण्यासाठी गोड चहा आणि थंड पेयाच्या बाटल्या नकोत.

अशा साध्या बदलाने काय होते? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. साखर आणि पॉलिश धान्य कमी करणे, तंतुमय पदार्थ वाढवणे आणि नियमित चालणे, एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

हे करताना सावधान

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात एकदम कमी करू नका. औषध तेवढेच आणि जेवण कमी झाले तर साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटे थांबा, बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या. नंतर काही खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. दारू किंवा ताडी घेतल्यावर रात्री साखर अशीच उतरू शकते. पाचवे शील पाळण्याचे हेही एक कारण.

गरोदर माता, वाढती मुले आणि क्षयरोगाचे रुग्ण यांनी जेवण कमी करायचे नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ-अंडी किती खायची ते डॉक्टरांना विचारा. उपोसथाला दुपारनंतर जेवण वर्ज्य करणाऱ्या उपासक-उपासिकांना साखरेचे औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मात्रा जाणणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. आणि साखर आटोक्यात आली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आजार लपवूही नका. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. पायांच्या वेदना आणि मंदावलेली नजर सोसत त्यांनी अखेरपर्यंत लिखाण केले. १९४८ साली त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, यांच्याशी झाला आणि त्यांचे औषधपाणी व पथ्य माईसाहेबांनी सांभाळले. एवढ्या मोठ्या माणसालाही पथ्यासाठी घरच्यांची साथ लागली, तर आपल्याला का लागू नये? एकट्या आजारी माणसासाठी वेगळे शिजवू नका. घरभर एकच ताट बदला. त्यात मुलांचेही भले आहे, त्यांना मात्र पोटभर वाढा.

वर्षावासाचा संकल्प

एचबीएवनसी नावाची रक्तचाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. आपला वर्षावासही आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिन्यांचाच असतो. तेव्हा वर्षावासाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा तपासणी करावी. मधल्या काळात विहारात ग्रंथवाचनाला जमल्यावर दर पौर्णिमेला वजन आणि कंबर वहीत नोंदवावी. बदल झाला की नाही हे आकडाच सांगेल.

आकडे असे वाचा : उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेहाची शक्यता मोठी, पुन्हा तपासून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो, ते तपासणाऱ्याला आधीच सांगा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात तपासून मिळतो. आशाताई अर्ज भरायला आल्या की त्यांना टाळू नका.

बुद्ध पौर्णिमेला खीर करू, चौदा एप्रिलला गोड वाटू. ते आनंदाचे दिवस आहेत. पण ते वर्षातून एकदा येतात, आणि चहाची साखर रोज पाच वेळा येते. माप तिथून सुरू करा.

नमो बुद्धाय. जय भीम.