मानवशास्त्राची पदवी आणि उद्योगजगताची गरज

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा समग्र अभ्यास, आणि त्याच्या सामाजिक-सांस्कृतिक, शारीरिक, पुरातत्त्वीय व भाषिक अशा चार शाखा सर्वसाधारणपणे मानल्या जातात. शाळेत या विषयाची ओळख सहसा होत नाही, त्यामुळे बारावीनंतर एखाद्या मुलीने किंवा मुलाने त्याचे नाव घेतले की ‘याला स्कोप काय?’ असा प्रश्न घरात उभा राहतो. पालकांचा हा प्रश्न वाजवी आहे. पण त्याचे जे उत्तर बहुधा दिले जाते, म्हणजे प्राध्यापकी किंवा स्पर्धा परीक्षा, ते अपुरे आहे. कारखाने, संगणक कंपन्या, वित्तसंस्था आणि आरोग्य यंत्रणा यांनी या शास्त्राच्या अभ्यासपद्धतीचा उपयोग गेल्या सुमारे शंभर वर्षांत वेळोवेळी करून घेतला आहे, मात्र ‘मानवशास्त्रज्ञ पाहिजेत’ अशी जाहिरात क्वचितच निघते. म्हणून जो केवळ पदनाम शोधतो त्याला या क्षेत्रात वाट सापडत नाही, आणि ही पद्धत नेमकी कोठे कामी येते हे ज्याला कळते त्याला ती सापडू शकते.

ही पद्धत म्हणजे सहभागी निरीक्षण. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यात दीर्घकाळ राहून, त्यांची भाषा शिकून, त्यांच्या दैनंदिन व्यवहारात सामील होत नोंदी ठेवणे, असे तिचे स्वरूप आहे. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिआंड बेटांवर असे वास्तव्य केले, आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे या पद्धतीला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली. अशा क्षेत्रकार्यातून जे सविस्तर वर्णन व विश्लेषण तयार होते त्याला एथ्नोग्राफी म्हणतात. प्रश्नावलीतून माणूस स्वतःविषयी काय सांगतो ते समजते. एथ्नोग्राफीतून तो प्रत्यक्षात काय करतो हेही दिसते, आणि या दोहोंत पडणारे अंतर हाच अभ्यासाचा विषय ठरतो. उद्योगांना रस आहे तो या अंतरात.

त्याचे आरंभीचे उदाहरण अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले आहे. टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या या कारखान्यातील प्रयोगांच्या शेवटच्या टप्प्यात, १९३१-३२ मध्ये, चौदा कामगारांच्या एका गटाचे त्यांच्या कामात ढवळाढवळ न करता निरीक्षण करण्यात आले, आणि या निरीक्षणाच्या आखणीत उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा अभ्यास करून आलेल्या डब्ल्यू. लॉइड वॉर्नर या मानवशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला गेला. जास्त काम केले की जास्त पैसे मिळतात, म्हणून कामगार उत्पादन वाढवतील, अशी व्यवस्थापनाची धारणा होती. प्रत्यक्षात ‘दिवसाचे रास्त काम’ किती, हे कामगारांनी आपसांत ठरवलेले होते, आणि ती मर्यादा ओलांडणाऱ्याला सोबतीच ताळ्यावर आणत असत. कारखान्याच्या अधिकृत आराखड्यात नसलेली ही अनौपचारिक रचना हिशेबाच्या कागदांवरून कळण्यासारखी नव्हती.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य अधिक स्पष्टपणे दिसते ते झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात. लूसी सचमन या मानवशास्त्राच्या विद्यार्थिनी १९७९ मध्ये तेथे आल्या, त्या काळात नव्या मोठ्या फोटोकॉपी यंत्राविषयी ग्राहकांची तक्रार होती की ते वापरायला अवघड आहे. सचमन यांनी दोन-दोन व्यक्तींना यंत्रासमोर उभे करून, सूचना वाचत, एकमेकांशी बोलत ते काम कसे करतात याचे चित्रीकरण केले. संगणकशास्त्रातील नामवंत संशोधकही त्या यंत्रापुढे गोंधळलेले या चित्रीकरणात दिसत असल्याने, वापरणाऱ्याला समज कमी म्हणून अडचण येते, हा युक्तिवाद टिकणे कठीण झाले. सचमन यांचे विश्लेषण याहून खोल जाणारे होते. झाकण उघडले, कागद ठेवला, बटण दाबले, एवढेच यंत्राला कळत होते. दोन माणसांमधला संवाद, त्यांचा संभ्रम आणि चुकीची समजूत यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. माणूस आधी पक्की योजना आखतो आणि मग ती पायरीपायरीने पार पाडतो, असे यंत्राच्या रचनाकारांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात समोर जे घडते ते पाहून माणूस पुढचे पाऊल ठरवतो. हा विचार त्यांनी १९८७ मध्ये पुस्तकरूपाने मांडला, आणि माणूस व संगणक यांच्या परस्परक्रियेच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो.

त्याच केंद्रातील ज्युलियन ऑर यांनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. दुरुस्तीची छापील पुस्तिका पायऱ्यांनुसार वापरली की बिघाड सापडतो, अशी कंपनीची समजूत होती. परंतु पुस्तिकेत न बसणारे बिघाड सतत येत, आणि त्यांची उकल तंत्रज्ञांच्या न्याहारीच्या व जेवणाच्या वेळच्या गप्पांत होत असे. कोणत्या यंत्राने काय त्रास दिला आणि तो कसा निस्तरला, यांच्या कहाण्या म्हणजेच त्या व्यवसायाचे साठवलेले ज्ञान आहे, हे ऑर यांनी दाखवून दिले. बाहेरून पाहणाऱ्या व्यवस्थापकाला तोच वेळ वाया गेलेला वाटला असता. पुढे १९९० च्या दशकात फ्रान्समधील तंत्रज्ञांना सोबत घेऊन कंपनीने अशी व्यवस्था उभी केली, जिच्यात तंत्रज्ञ स्वतःला सापडलेला उपाय लिहीत, सहकारी तो तपासत, आणि उपायासोबत लिहिणाऱ्याचे नाव राही. एका अभ्यासकाने गप्पांकडे गांभीर्याने पाहिले, त्यातून ही व्यवस्था आकाराला येऊ शकली.

नंतरच्या काळात अशी उदाहरणे वाढत गेली. जेनेव्हिव्ह बेल १९९८ मध्ये इंटेल या कंपनीत रुजू झाल्या आणि भारतासह आशियातील घराघरांत तंत्रज्ञान कसे वावरते याचा त्यांनी अभ्यास केला. उद्योगांतील एथ्नोग्राफी करणाऱ्यांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद २००५ पासून भरू लागली. ताजिकिस्तानातील विवाहविधींवर केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी. केलेल्या जिलियन टेट ‘फायनान्शियल टाइम्स’च्या पत्रकार झाल्या आणि २००८ च्या आर्थिक संकटापूर्वीच जोखमीच्या गुंतागुंतीच्या कर्जरोख्यांविषयी लिहू लागल्या. बँकर्सच्या जगाकडेही स्वतःच्या चालीरीती व मौने असलेला समाज म्हणून पाहता आले, याचे श्रेय त्या मानवशास्त्राच्या प्रशिक्षणाला देतात.

महाराष्ट्रातही उपयोजित मानवशास्त्राची परंपरा आहे, आणि ती विद्यार्थ्यांना फारशी सांगितली जात नाही ही खेदाची बाब आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी सहकाऱ्यांसमवेत कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली, जी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आठवडे बाजारांचे आदिवासी, ग्रामीण व नागरी जीवनातील स्थान तपासणारा त्यांचा अभ्यास १९७० मध्ये आला. आज भूसंपादनासाठी २०१३ च्या कायद्याने, त्यातील व राज्यांच्या दुरुस्त्यांतील अपवाद वगळता, सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आवश्यक केले आहे. प्रकल्पामुळे कोणाचे काय जाईल याची ही पद्धतशीर तपासणी मानवशास्त्राच्या प्रशिक्षणाला अगदी जवळची आहे. शारीरिक मानवशास्त्राचा उपयोग आणखी वेगळा. शरीराच्या मोजमापांचे शास्त्र, म्हणजे मानवमिती, ही आसने, हत्यारे, शिरस्त्राणे आणि तयार कपडे यांच्या रचनेचा आधार असते, आणि भारतीय शरीरांसाठी स्वतंत्र मापे ठरवण्याच्या हेतूनेच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने देशव्यापी मोजणीचा प्रकल्प हाती घेतला.

नोकरी शोधताना मात्र वेगळी नावे लक्षात ठेवावी लागतात. ॲप व संगणकीय सेवा बनवणाऱ्या कंपन्यांत यूजर रिसर्चर, डिझाइन संस्थांत डिझाइन रिसर्चर, बाजारपेठ संशोधनात कंझ्युमर इनसाइट्स, कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागांत व स्वयंसेवी संस्थांत प्रकल्प-मूल्यमापन, आणि सार्वजनिक आरोग्यात गुणात्मक संशोधन अशा पदांखाली हे काम चालते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे हे खरे. परंतु केवळ तेवढ्यासाठी पदवी निवडणे शहाणपणाचे नाही, कारण वैकल्पिक विषय कोणत्याही पदवीनंतर घेता येतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, राज्याबाहेर कोलकाता, दिल्ली व हैदराबाद येथील विद्यापीठांचे विभाग परिचित आहेत, आणि भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे एक प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. पदवीसोबत दुसरे एखादे कौशल्य जोडणे जवळजवळ अनिवार्य आहे, मग ते संख्याशास्त्र असो, डिझाइन असो किंवा आरोग्य व्यवस्थापन. त्याहून महत्त्वाचा असतो स्वतः केलेल्या क्षेत्रकार्याचा नमुना. किराणा दुकानात उधारीची वही आणि क्यूआर कोड शेजारी-शेजारी कसे नांदतात, कोणत्या गिऱ्हाइकाला वही मिळते आणि कोणाला मिळत नाही, असा एखादा विषय काही महिने चिकाटीने तपासून, पंधरा-वीस पानांत नीट मांडला, तर नोकरी देणाऱ्याला गुणपत्रिकेपेक्षा त्यातून अधिक कळते. येथे मराठी विद्यार्थ्याजवळ एक भांडवल आधीच असते, ते म्हणजे भाषा. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी समजणारा अभ्यासक जे ऐकू शकतो ते दुभाष्यामार्फत ऐकणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही.

या वाटेवरच्या अडचणीही सांगणे कर्तव्य आहे. सुरुवातीच्या नोकऱ्या अनेकदा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर असतात, वर्षभराच्या क्षेत्रकार्याची सवय झालेल्या अभ्यासकाला कंपनीत दोन-तीन आठवड्यांत निष्कर्ष द्यावे लागतात, आणि निष्कर्ष गैरसोयीचे असतील तर ते बाजूला ठेवले जाण्याचीही शक्यता असते. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचा उपयोग त्यांच्याच हिताविरुद्ध होऊ नये, यासाठी माहितीपूर्ण संमती घेणे, म्हणजे अभ्यास कोणासाठी व कशासाठी चालला आहे हे आधी समजावून सांगून होकार मिळवणे, हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे, आणि तो मुदतीच्या दडपणाखालीही मोडता कामा नये. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी विभागाला भेट देऊन, क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे असते, ते कोठे नेले जाते, विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या कोण व किती वेळा तपासतो, आणि मागील तुकड्यांतील विद्यार्थी सध्या कोणत्या पदनामांखाली काम करतात, हे विचारावे, आणि शक्य असल्यास एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा प्रबंध मागून घेऊन पाल्यासोबत बसून वाचावा.