मामाच्या डोक्यातली गाठ

माझा मामा एमआयडीसीत फिटर आहे. सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री व्हर्निअर कसा वाचायचा ते मला त्यानेच शिकवलं. गेल्या दिवाळीत त्याने हातातल्या पान्याला ‘चमचा’ म्हटलं आणि आम्ही सगळे हसलो. पंधरा दिवसांत शब्द चुकणं वाढलं, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी व्हायला लागली. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला गाठ दिसली. ऑपरेशन झालं, तुकडा तपासला आणि नाव कळलं : ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. मेंदूतच जन्मणाऱ्या कॅन्सरपैकी मोठ्या माणसांमध्ये सर्वात जास्त आढळणारा आणि सर्वात आक्रमक.

ऑपरेशननंतर शब्द शोधत शोधत मामाने मला विचारलं, “बेअरिंग गेलं तर आपण बदलतो. मग ही गाठ पूर्ण साफ का नाही निघत रे?” मला उत्तर येत नव्हतं. मग सबमिशन बाजूला ठेवून वाचायला बसलो. मित्रहो, मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलवाला आहे, तेव्हा आपल्या भाषेतच सांगतो.

आधी डोकेदुखीचं कोडं. कवटी म्हणजे बंद, कडक भांडं. आत मेंदू, रक्त आणि पाणी. भांडं फुगत नाही, आतला माल दाबला जात नाही. गाठ वाढली की थोडं पाणी आणि रक्त बाहेर ढकललं जातं, पण ती जागा संपली की प्रेशर एकदम चढतं. गाठीभोवतीची सूजही त्यात भर घालते. म्हणून डॉक्टरांनी आधी स्टिरॉइड दिलं. चार दिवसांत डोकं थांबलं आणि मामी देवाला नारळ फोडून आली. उतरली होती ती सूज, गाठ तिथेच होती.

आता मामाचा प्रश्न. या गाठीला कडाच नसते. एमआरआयमध्ये चकाकतो तो नुसता मधला भाग, पेशी त्याच्या पलीकडे निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात. १९२८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी या सर्जनने, डावं अंग आधीच लुळं पडलेल्या पेशंटांचा उजवा अर्धा मेंदूच काढून टाकला. तरी कॅन्सर परत आला! मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर चहा प्यायला गेलो. बरं, आजूबाजूचं जास्त काढावं तर मामाचे उरलेसुरले शब्द जातील. इथे मशिनिंग अलाउन्स नाही.

मग औषधाने का मारत नाहीत? मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, पक्क्या सीलसारख्या. रक्तातलं विष आत जाऊ नये म्हणून ही सोय, पण तीच बहुतेक केमोची औषधंही अडवते. टेमोझोलोमाइड हे लहान रेणूचं औषध बऱ्यापैकी आत पोचतं. स्टुप आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ५७३ पेशंटांचे निकाल छापले. नुसत्या रेडिएशनवर मध्यक आयुष्य १२.१ महिने, सोबत हे औषध दिल्यावर १४.६. फक्त अडीच महिने? मलाही तसंच वाटलं. पण दोन वर्षांनी हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. स्टॅटिस्टिक्सच्या तासाला मध्यक आणि शेपूट शिकताना मी झोपा काढल्या होत्या. मामाच्या घरी ते शेपूटच महत्त्वाचं आहे. सहा आठवड्यांत ६० ग्रे रेडिएशन आणि रोज गोळी, मग महिन्यातून पाच दिवस गोळ्या, ही पद्धत आजही चालते.

औषधाने पेशीच्या डीएनएवर केलेली खोड एमजीएमटी नावाचं एन्झाइम दुरुस्त करून टाकतं. काही गाठींमध्ये त्याचा स्विच मिथायलेशनमुळे बंद असतो, तिथे औषध जास्त चालतं. मामाच्या रिपोर्टवर ‘मिथायलेशन : डिटेक्टेड’ वाचून मामी रडायला लागली. सगळ्या फाइलमध्ये चांगली बातमी एवढीच, हे पटवायला मला अर्धा तास लागला.

दुसरी अडचण म्हणजे एकाच गाठीत तऱ्हेतऱ्हेच्या पेशी असतात. औषध एका जातीला मारतं, दुसरी उरते आणि वाढते. नवीन रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबने गाठ वाढायचं लांबलं, पण २०१४ मध्ये छापलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत आयुष्य वाढलं नाही.

आपल्या लोकांना आवडेल असा एक उपाय आहे. डोकं भादरून त्यावर इलेक्ट्रोडच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि २०० किलोहर्ट्झचं विद्युत क्षेत्र दिवसाचे १८ तास सोडायचं. विभागणाऱ्या पेशींचा त्याने गोंधळ उडतो. २०१७ च्या निकालांत मध्यक आयुष्य १६ वरून २०.९ महिन्यांवर गेलं. खर्च मात्र असा की मामाच्या घरी मी तो विषय काढलाच नाही. शिकागोत तर सूक्ष्म बुडबुडे आणि अल्ट्रासाउंड वापरून ते मेंदूचं सील तासाभरापुरतं उघडून औषध आत सोडलंय, २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. यात ट्रान्सड्यूसर कोणी बनवला असेल? आपल्यासारख्यांनीच.

मामाच्या गोळ्यांचा चौथा महिना संपला. पुढचा एमआरआय आमच्या ओरलच्या आठवड्यात आहे. परवा त्याने माझ्या प्रोजेक्टच्या फिक्श्चरचं ड्रॉइंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि एका बोअरवर बोट ठेवलं. ‘टॉलरन्स’ हा शब्द काही त्याला आठवला नाही. चूक मात्र तिथेच होती.